पाटीवरचे ६८, रंगावरचे ७६

ओहायोतल्या झीनिया गावात दर मे महिन्यात हॅमव्हेन्शन भरतं. हौशी रेडिओवाल्यांची ही मोठी जत्रा, तीन दिवस चालते. हॉलच्या आत नवे रेडिओ आणि बाहेर मैदानात जुना बाजार. मी सकाळी लवकर जाऊन बाहेरच्या बाजूनंच सुरुवात करते, कारण दहा वाजेपर्यंत चांगल्या वस्तू उचललेल्या असतात. दोन वर्षांपूर्वी तिथं एका घडीच्या टेबलावर, केबलची भेंडोळी आणि दोन मोडके व्होल्टमीटर यांच्यामध्ये, हिरव्या रंगाचं एक लांबोडकं धूड पडलेलं दिसलं: रात्रीच्या अंधारात पाहायची लष्करी दुर्बीण. पुढं मोठं भिंग, मागं डोळ्याला लावायचं रबर, खाली रायफलवर बसवायची बैठक. विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. मी थांबलेली पाहून म्हणाले, "व्हिएतनाम. अडुसष्ट साल. तिकडं प्रत्यक्ष वापरलेली आहे."

मी ती दोन्ही हातांनी उचलली. पावणेतीन किलोच्या आसपास भरली असती. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी एवढं वजन रायफलवर चढवून रात्रभर डोळ्याला लावून बसलं असेल, हा विचार अशा वेळी माझ्या मनात दरवेळी येतो. मग मी पर्समधून बटर पेपरचा तुकडा आणि शिसपेन्सिल काढली.

ही सवय बाबांची. ते खडकीच्या लष्करी वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. रविवारी मला सायकलवर पुढं बसवून पुण्याच्या जुन्या बाजारात न्यायचे. तिथं कंपास, थिओडोलाइट, दुर्बिणी, विमानाची घड्याळं असं काहीबाही पथारीवर मांडलेलं असायचं. मी लगेच दुर्बीण डोळ्याला लावायला जायचे आणि ते हात धरायचे. "काच शेवटी. आधी पाटी, मग स्क्रू, मग रंग. काच सगळ्यात शेवटी." वस्तूवर ठोकलेली नाव-क्रमांकाची पाटी झिजलेली असली की तिच्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवायची. जे डोळ्यांना दिसत नाही ते कागदावर उमटतं.

झीनियातही तेच केलं. पाटी ॲल्युमिनियमची, कोपऱ्यांवर घासून गुळगुळीत झालेली. नुसत्या डोळ्यांना "एएन/पीव्हीएस-२" एवढंच वाचता येत होतं. कागदावर पेन्सिल फिरवली तेव्हा २ च्या पुढं एक अंधुक ए उमटला. खालच्या ओळीत आणखी आकडे आले. विकणारे गृहस्थ टेबलावर वाकून पाहत होते. त्यांच्याकडं ती दुर्बीण कित्येक वर्षं होती, पण तो ए त्यांनीही त्या दिवशीच पाहिला.

अमेरिकन लष्करी वस्तूची पाटी वाचायला शिकलात तर निम्मं काम तिथंच होतं, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते. एएन म्हणजे आर्मी-नेव्ही या संयुक्त पद्धतीनं दिलेलं नाव. पुढच्या तीन अक्षरांतलं पहिलं ती वस्तू कशी वाहून नेतात ते सांगतं, दुसरं ती कशाच्या जोरावर चालते आणि तिसरं ती काय काम करते. पी म्हणजे माणसानं उचलून नेण्याजोगी, व्ही म्हणजे दृश्य प्रकाशावर चालणारी, एस म्हणजे शोध घेणारी. पहिलं अक्षर पी ऐवजी टी असेल तर ती जमिनीवर मांडून वापरायची, वाहनातून किंवा दोघा-तिघांनी न्यायची वस्तू. म्हणजे टीव्हीएस-२ ही मशीनगनवर बसायची आणि टीव्हीएस-४ तिवईवर. टीव्हीएस-४ चं वजन पंधरा किलोच्या घरात. फोटोत शेजारी काही नसेल तर पीव्हीएस आणि टीव्हीएस यांच्यात घोटाळा होतो, म्हणून मी विकणाऱ्याला नेहमी शेजारी एखादं नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो मागते.

दुसरी गोष्ट साठा क्रमांक, म्हणजे लष्करी कोठारात त्या वस्तूला दिलेला क्रमांक. रात्री पाहण्याच्या साधनांचा वर्ग ५८५५. क्रमांकाची सुरुवात या चार आकड्यांनी होत असेल तर तुम्ही योग्य गल्लीत आहात. आता एकूण आकडे मोजा. अकरा असतील तर ती जुनी अमेरिकन पद्धत, म्हणजे पाटी १९७४ च्या आधीची. १९७४ साली मध्ये दोन आकडे घालून क्रमांक तेरा आकडी केला गेला. ते दोन आकडे देशाचे: ०० आणि ०१ अमेरिका, ९९ ब्रिटन, १२ जर्मनी. आपल्या भारताचा ७२. माझ्या कागदावर अकरा आकडे उमटले होते.

तिसरी आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट कंत्राटाचा क्रमांक. तो डीएए अशा अक्षरांनी सुरू होतो, पुढं खरेदी करणाऱ्या कार्यालयाची खूण आणि मग एका आडव्या रेघेनंतर दोन आकडे. ते दोन आकडे म्हणजे कंत्राटाचं आर्थिक वर्ष. माझ्या कागदावर ६८ आले. गृहस्थांचा चेहरा खुलला. "सांगितलं नव्हतं?" म्हणाले.

त्यांचं म्हणणं तिथपर्यंत बरोबर होतं. पण ६८ हे कंत्राटाचं वर्ष. दुर्बीण प्रत्यक्ष हातात यायला त्यानंतर काही महिने, कधी वर्षही लागतं. आणि ती कुठं गेली हे पाटी कधीच सांगत नाही.

म्हणून पाटीनंतर स्क्रू आणि रंग. स्क्रूंच्या खाचा चिंबलेल्या असतील तर कुणीतरी बिनहत्याराचं उघडलेलं आहे. या दुर्बिणी आतून कोरड्या ठेवायच्या असतात, ओल शिरली की भिंगावर बुरशी धरते. माझ्या या दुर्बिणीचे स्क्रू स्वच्छ होते. पण रंग दोन थरांचा. बैठकीच्या कडेला जिथं घासलं गेलं होतं तिथं वरच्या फिक्या हिरव्याखाली गडद हिरवा स्पष्ट दिसत होता. पाटीच्या कडेलाही ब्रशचा ओघळ. म्हणजे पाटी न काढता, तिच्या भोवतीनं रंग दिला होता. बाबा म्हणायचे, कारखान्यात रंग आधी आणि पाटी नंतर. दुरुस्तीत पाटी आधीच असते आणि रंग नंतर येतो. मग मी दुर्बीण उलटी केली. बुडाशी, वरच्या रंगावर, काळ्या शाईचा छापा होता: एस-ए-ए-डी आणि पुढं ३-७६.

सॅक्रामेंटो आर्मी डेपोची ही आद्याक्षरं. अमेरिकन लष्कराच्या रात्रीच्या दुर्बिणी दुरुस्तीला तिथं जायच्या. म्हणजे कंत्राट ६८ चं आणि मार्च ७६ मध्ये दुरुस्ती होऊन नवा रंग. मधल्या आठ वर्षांत ती व्हिएतनाममध्ये होती की अमेरिकेतच जॉर्जियातल्या एखाद्या छावणीतल्या कपाटात होती, हे त्या धातूवर कुठंही लिहिलेलं नाही. मी तसं सांगितलं. गृहस्थ थोडे हिरमुसले, मग म्हणाले की त्यांनाही ज्यानं विकली त्यानं तसं सांगितलं होतं. किंमत त्यांनी स्वतःहून थोडी उतरवली. मी घेतली.

घरी आल्यावर काच.

इथं थोडं मागं जाऊन या दुर्बिणींच्या पिढ्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर अंधाऱ्या खोलीत काय पाहायचं ते कळणार नाही. सर्वांत आधीची पिढी दिवा लागणारी, तिला शून्यावी पिढी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांनी रायफलवर बसवलेलं झेडजी १२२९, ज्याला व्हॅम्पीर म्हणत, आणि अमेरिकनांनी १९४५ मध्ये ओकिनावात वापरलेली कार्बाइनवरची स्नायपरस्कोप, या त्या पिढीतल्या. दुर्बिणीवर एक मोठा दिवा, त्याच्यापुढं जवळजवळ काळी दिसणारी काच. दिव्यातला दिसणारा प्रकाश ती काच अडवते आणि अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, तेवढा सोडते. तो समोरच्या माणसावर पडून परत येतो आणि दुर्बिणीतली नळी त्याचं हिरव्या चित्रात रूपांतर करते. सोबत पाठीवर जड बॅटरी आणि जाड केबल. म्हणून पहिल्या नजरेतली ओळख सोपी: दिवा किंवा दिव्याची बैठक, आणि बाहेर जाणारी केबल.

रणगाड्यांवरही हेच होतं. रशियन बनावटीच्या टी-५५ वर तोफेशेजारी लूना नावाचा गोल अवरक्त दिवा असतो. बाबांनी मला तो एकदा पेपरच्या समासात काढून दाखवला होता. "लांबून दिसत नाही, जवळ गेलं तर मंद लाल निखाऱ्यासारखा दिसतो," म्हणाले. मग पेन्सिल समोरच्या बाजूला नेऊन तिथं दुसरा रणगाडा काढला. "पण याच्याकडंही तीच काच असली तर? त्याला आपला दिवा भर चौकातल्या दिव्यासारखा दिसतो. तो दिवा न लावताच नेम धरतो." मी तेव्हा आठवीत असेन. साठच्या दशकात अमेरिकनांनी बिनदिव्याच्या दुर्बिणीमागं एवढी धावपळ का केली, हे मला त्या समासातल्या चित्रावरून कायमचं कळलं.

पीव्हीएस-२ ही त्या धावपळीतून निघाली. अशा बिनदिव्याच्या दुर्बिणींपासून पहिली पिढी मोजतात. चांदण्याच्या उजेडावर चालते म्हणून सैनिक तिला स्टारलाइट स्कोप म्हणायचे. आत एकामागं एक तीन नळ्या. पहिल्या नळीच्या तोंडावर प्रकाश पडला की तिथल्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात, सुमारे पंधरा हजार व्होल्ट त्यांना खेचून मागच्या फॉस्फरच्या पडद्यावर आदळतात, आणि तिथं तेच चित्र आधीपेक्षा कितीतरी पट उजळ होऊन उमटतं. ते चित्र बारीक काचतंतूंच्या जुडग्यातून दुसऱ्या नळीला, तिथून तिसऱ्या नळीला. एक सुरेख गोष्ट यात आहे. पुढचं भिंग चित्र उलटं करतं. मग प्रत्येक नळी ते पुन्हा उलटं करते. एकूण चार वेळा उलटं झालं की चित्र सुलटं. दोनच नळ्या लावल्या असत्या तर चित्र उलटं राहिलं असतं आणि ते सरळ करायला आणखी भिंगं लागली असती.

बॅटरीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. या दुर्बिणीची मूळ बॅटरी बीए-११०० नावाची, पाऱ्याची, पावणेसात व्होल्टची, १.३५ व्होल्टचे पाच पाऱ्याचे सेल मिळून तेवढे होतात. ती आता मिळत नाही आणि मिळाली तरी वापरू नये. उलट सेलची खोबण उघडून आत पांढरट-हिरवं किटण आहे का ते आधी पाहा, आणि असलं तर हातमोज्यांशिवाय हात लावू नका. माझ्यातली खोबण कोरडी होती. लाकडाचा ठोकळा आणि तांब्याच्या पट्ट्या यांचा एक साचा करून मी त्यात साधे चार अल्कलाइन सेल बसवले. सहा व्होल्टवर चालते.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. आतल्या नळ्यांचा डबा उघडू नका. बंद केल्यावरही तिथं विजेचा साठा शिल्लक असतो, आणि तो हजारो व्होल्टचा असतो.

आणि दुसरी: दिवसा चालू करून पाहू नका. माझी पहिली दुर्बीण अशीच गेली. टपालानं मागवली होती. विकणाऱ्यानं "चालू आहे" असं दाखवायला खिडकीजवळ, टोपण काढून, भर दुपारी फोटो काढले होते. आतून झकास हिरवी दिसत होती. मी ती घेतली. घरी अंधारात पाहिली तर मधोमध खिडकीच्या चौकटीचा काळपट डाग. फ्रेम, मधला दांडा, सगळं. त्या दुपारी जे चित्र तिच्यावर जळलं ते कायमचं राहिलं. मी तो डाग पाहून रडले होते. पुष्कळ दुर्बिणींच्या टोपणाला दिवसाच्या चाचणीसाठी बारीक भोक ठेवलेलं असतं, ते यासाठीच. आता कुणी मला भर उजेडातल्या हिरव्या चित्राचा फोटो पाठवला की मी वस्तू घेत नाही, कितीही स्वस्त असली तरी.

तर रात्री साडेनऊला तळघरातली खोली बंद केली. दाराच्या फटीला टॉवेल लावला. पंधरा मिनिटं डोळे अंधाराला सरावू दिले. मग चालू केली.

आधी आवाज. कानाजवळ एक बारीक, वर चढत जाणारी शीळ. डास कानाशी यावा तशी. आतली लहानशी विद्युतमंडलं सहा व्होल्टचे हजारो व्होल्ट करत असतात, त्याचा तो आवाज. पहिल्या पिढीच्या बहुतेक दुर्बिणी अशी शीळ घालतात. मग चित्र हळूहळू उजळलं. समोरच्या फडताळातल्या बरण्या दिसायला लागल्या, लोणच्याच्या बरणीच्या गळ्याला बांधलेला दोरासुद्धा. मधला भाग रेखीव, कडा मात्र पुसट आणि बाहेरच्या बाजूला ताणलेल्या. फडताळाची सरळ फळी कडेला येईपर्यंत कमानीसारखी वाकत होती. सरळ रेघ कडेला वाकलेली दिसली की पहिल्या पिढीच्या नळ्या, हे जवळजवळ ठरलेलं. आणि नीट निरखलं तर चित्रावर मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक षट्कोनी जाळी. ती काचतंतूंची.

मग बंद केली. चित्र विझलं नाही. मंद होत होत तब्बल दोन मिनिटं तिथंच रेंगाळलं. तो क्षण मला फार प्रिय आहे. हातातली कळ बंद आहे, सेल काढून टेबलावर ठेवले आहेत, आणि बरण्या अजून हिरव्या दिसताहेत.

दुसऱ्या पिढीत हे सगळं बदलतं. सत्तरच्या दशकात आलेल्या पीव्हीएस-४ मध्ये तीन नळ्यांऐवजी एकच नळी, आणि तिच्या आत काचेची एक पातळ चकती, जिला लाखो अतिसूक्ष्म छिद्रं आहेत. इलेक्ट्रॉन त्या छिद्रांच्या भिंतींवर आपटत जातात आणि दर आपटीला संख्येनं वाढतात. त्यामुळं दुर्बीण आखूड आणि हलकी झाली, पावणेदोन किलोच्या आसपास. बाहेरून ओळखायचं तर पीव्हीएस-४ ला दोन बटणं असतात, एक नळीचा उजेड कमी-जास्त करायला आणि एक नेमाच्या खुणेचा. पहिल्या पिढीत समोर एकदम मोटारीचा दिवा आला तर सगळं चित्र पांढुरकं होऊन जातं; दुसऱ्या पिढीत दिव्याभोवती एक वलय येतं, बाकी चित्र जागच्या जागी राहतं. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांकडं पहिल्या पिढीच्या दुर्बिणी होत्या आणि समोर अर्जेंटिनाच्या सैनिकांकडं दुसऱ्या पिढीच्या. तो फरक काय असतो ते मला दोन्ही एकदा शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर उमगलं.

नळीचा स्वतःचा क्रमांक दिसत असेल तर तो जरूर टिपून घ्या. एमएक्स-९६४४ असेल तर ती पीव्हीएस-४ आणि टीव्हीएस-५ यांची दुसऱ्या पिढीची नळी. एमएक्स-९९१६ ही पीव्हीएस-५ या चष्म्यासारख्या साधनाची. एमएक्स-१०१६० दिसली तर ती तिसऱ्या पिढीची, वैमानिकांच्या चष्म्यातली, आणि मग सत्तरच्या दशकातली दुर्बीण म्हणून कुणी ती विकत असेल तर बोलणंच खुंटलं.

एक चाचणी घरच्या घरी करता येते, टीव्हीच्या रिमोटची. रिमोटचा दिवा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त प्रकाश टाकतो. महायुद्धाच्या काळातल्या दिवावाल्या दुर्बिणींच्या नळीवर चांदी, ऑक्सिजन आणि सिझियमचा लेप असतो. तिला हा प्रकाश लख्ख दिसतो. रिमोट दाबला की समोरची भिंत उजळते. पीव्हीएस-२ सारखीला तो जेमतेम जाणवतो. म्हणजे दिवा हरवलेली, केबल कापलेली एखादी अर्धवट वस्तू मिळाली तरी ती कुठल्या घराण्यातली, हे रिमोट सांगतो.

महायुद्धाच्या काळातली सर्वांत विलक्षण वस्तू मी पाहिली ती एका ब्रिटिश रेडिओवाल्यानं जत्रेत आणली होती. ब्रिटिशांचं टॅबी नावाचं हातात मावणारं साधन. त्याच्या नळीला काही हजार व्होल्ट लागतात, पण वीज मात्र नावालाच. म्हणून त्यात झांबोनी पाइल बसवलेला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या जुझेप्पे झांबोनी यांनी केलेली ही रचना, धातूचा लेप दिलेल्या कागदाच्या हजारो चकत्या एकावर एक रचून केलेली कोरडी बॅटरी. सेल बदलायची गरज नाही, चालू-बंद करायची कळ नाही. सैनिकाच्या खिशात कागदी चकत्यांचा मनोरा! टॅबी ओळखायची तर सेलची खोबण शोधा. ती सापडतच नाही. आणि अंगावर ब्रिटिश लष्कराचा रुंद बाण.

रशियन दुर्बिणींबद्दल माझ्याकडं सगळ्यात जास्त चौकशा येतात. बहुतेकदा "दुसऱ्या महायुद्धातली रशियन" असं लिहिलेलं असतं. गेल्या हिवाळ्यात कॅनडातल्या एका मराठी कुटुंबानं फोटो पाठवला. गॅरेज सेलमध्ये मिळाली होती. पाटीवर एक, मग मारुतीच्या देवळाच्या कमानीसारखं अक्षर, मग इंग्रजी एच सारखं अक्षर, आणि ३४. कमान म्हणजे रशियन पे आणि तो एच म्हणजे एन. १पीएन३४, म्हणजे एनएसपीयू. रशियन लष्कराची पहिल्या पिढीची, बिनदिव्याची, साडेतीनपट मोठं दाखवणारी दुर्बीण, सत्तरच्या दशकातली. महायुद्ध तेव्हा संपून पंचवीस वर्षं झाली होती. ५८ हा आकडा असेल तर तिची पुढची आवृत्ती. या दुर्बिणी रायफलच्या डाव्या अंगाला बसतात, म्हणून त्यांची बैठक खाली नसून बाजूला वळलेली असते. ज्या रायफलींना अशी बाजूची पट्टी असते त्यांच्या नावाला शेवटी एन लागतो, एकेएमएन वगैरे. अंगावर पंचकोनी दर्जाची खूण असेल तर ती १९६७ नंतरची, कारण सोव्हिएत संघानं ती खूण तेव्हापासून द्यायला सुरुवात केली.

आणि पाटीवर इंग्रजीत "मेड इन रशिया" असेल तर ती लष्करी नाहीच. १९९१ नंतर तिथल्या कारखान्यांनी शिकारी आणि हौशी लोकांसाठी परदेशात पुष्कळ दुर्बिणी विकल्या. त्यांतल्या काही छान आहेत. फक्त त्यांना सैनिकी म्हणू नये.

मध्यंतरी एक डच दुर्बीण हाताळायला मिळाली, अंगावर ओल्डेल्फ्ट हे नाव. डेल्फ्ट गावातला तो जुना कारखाना. ते नाव वाचून मला एकदम भोसरी आठवली. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि डेल्फ्टवाले यांनी मिळून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अशा नळ्या करणारी कंपनी काढली होती. आपल्या सैन्याच्या दुर्बिणींतल्या हिरव्या नळ्या पुण्यात बनतात हे पुण्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? पीएमटीच्या बसनं मी त्या रस्त्यावरून कितीदा गेले असेन.

माझ्या भाच्यानं ही पीव्हीएस-२ फोटोत पाहिली आणि लगेच विचारलं, "मावशी, दिवाळीला येताना आणशील?" नाही. अमेरिकेतून अशी लष्करी दुर्बीण परवान्याशिवाय बाहेर नेणं किंवा टपालानं पाठवणं गुन्हा आहे, वस्तू कितीही जुनी असो. इकडं राहणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवा, आणि तिकडच्यांनी मागू नका. त्याला मी व्हिडिओ कॉलवर दाखवली. फोन डोळ्याच्या भिंगाला लावला आणि रात्री मागच्या अंगणातली सशाची जोडी त्याला पुण्यात दुपारच्या उन्हात... म्हणजे त्याच्याकडं सकाळचे साडेआठ वाजले होते, पेपर आला होता, आणि तो ससे पाहत होता.

बाबा प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवायचे. वस्तूवर जे दिसतं तेवढंच वर लिहायचं. जे कुणी सांगितलं ते खाली, रेघ मारून, "ऐकीव" असं म्हणून. या दुर्बिणीच्या पेटीत मी ठेवलेली चिठ्ठी अशी आहे:

एएन/पीव्हीएस-२ए. साठा क्रमांक अकरा आकडी. कंत्राट आर्थिक वर्ष ६८. बुडाशी सॅक्रामेंटो डेपोचा छापा, मार्च ७६. रंगाचे दोन थर, पाटीभोवती ओघळ. तीन नळ्या, शीळ येते, कडा वाकतात, बंद केल्यावर दोन मिनिटं उजेड. डाग नाही.

रेघ.

ऐकीव: व्हिएतनाम.